चूल, पाणी आणि विद्यापीठ



मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातल्या राजूरचा. आमचं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक कोळसा आणि दुसरा चुना. एक काळा, एक पांढरा. खाणीची धूळ आणि चुनाभट्टीची धूळ यांत आमच्या पिढ्या वाढल्या. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे दोन रंग आयतेच मिळतात. पण एक गोष्ट वय वाढलं तशी कळत गेली. कवितेत धूळ म्हणजे उदासी असते, धूर म्हणजे विरह असतो. फुप्फुसात मात्र धूळ ही धूळच असते आणि धूर हा धूरच.

पर्यावरण या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाचा विद्यार्थी नाही. तेव्हा झाडं लावा, पाणी वाचवा, असा उपदेश करण्यापेक्षा मी आज काही संशोधकांची ओळख करून देणार आहे. ही माणसं अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली. त्यांतला एक आपल्या मुंबईचा, गाडगीळ आडनावाचा. तुम्ही म्हणाल, कुठं कॅलिफोर्निया आणि कुठं राजूर! पण या माणसांनी आयुष्यभर ज्या गोष्टी मोजल्या त्या आपल्याच घरातल्या आहेत. चूल, दिवा आणि पिण्याचं पाणी.

आधी त्या विद्यापीठाविषयी दोन शब्द. ते १८६८ साली स्थापन झालं. ते सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि आज त्याची दहा संकुलं आहेत. बर्कले, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, अर्व्हाइन ही त्यांतली काही नावं. पृथ्वीच्या हवेबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे त्यातला बराच भाग या संकुलांतून आला. सॅन डिएगोच्या स्क्रिप्स संस्थेतले चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१३ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. अर्व्हाइनचे शेरवूड रोलंड आणि त्यांचे सहकारी मारिओ मोलिना यांनी १९७४ साली सांगितलं की फ्रिजमधला आणि फवाऱ्याच्या डब्यातला वायू आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो आहे. कारखानदारांनी त्यांच्यावर टीका केली. पण १९८७ साली मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी करार केला आणि १९९५ साली या दोघांना नोबेल मिळालं.

ही झाली आकाशाएवढी कामं. मला जास्त जवळची वाटतात ती माणसं, जी आकाशातून खाली उतरून स्वयंपाकघरात आली.

त्यांची सुरुवात एका साध्या बटणापासून होते. बर्कलेला आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. एन्रिको फर्मी यांचे ते विद्यार्थी, अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास करणारे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या दिवसांत एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्यांनी पाहिलं, की मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत दिवे जळताहेत आणि ते सोमवारपर्यंत तसेच जळणार आहेत. ते दिवे बंद करायला गेले, तर कित्येक खोल्यांत बटणं कपाटांच्या आणि पुस्तकांच्या मागे दडलेली. म्हणजे दिवा बंद करता येतो, हेच लोक विसरले होते! रोझेनफेल्ड यांनी कणांचा अभ्यास बाजूला ठेवला आणि वीज वाचवण्याचं शास्त्र उभं केलं.

त्यांच्या हाताखाली शिकायला आला अशोक गाडगीळ हा तरुण. जन्म १९५० चा, मुंबईचा. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी., कानपूरच्या आय.आय.टी.तून एम.एस्सी. आणि मग बर्कलेला डॉक्टरेट. पुढं ते भारतात परत आले, दिल्लीत ऊर्जा संशोधनाच्या संस्थेत काही वर्षं राहिले आणि १९८८ मध्ये पुन्हा बर्कलेच्या प्रयोगशाळेत गेले.

गाडगिळांच्या कामाची रीत मला समजली ती अशी. नेहमीचा संशोधक आधी यंत्र करतो आणि मग त्याची किंमत काढतो. हा माणूस आधी किंमत ठरवतो. गरीब माणूस वर्षाला किती पैसे देऊ शकेल? गावात वीज किती वेळ असते? बिघडलं तर दुरुस्त कोण करील? ही उत्तरं आधी लिहायची आणि त्या चौकटीत बसेल असं यंत्र शोधायचं. शास्त्र कठीण होतं ते इथं. महागडं यंत्र करणं सोपं असतं.

त्यांचं एक सुरुवातीचं काम दिव्याचं. कमी वीज खाणारा सी.एफ.एल. दिवा तेव्हा महाग होता. त्यांनी सुचवलं, की वीज कंपनीनंच दिवा ग्राहकाला द्यावा आणि त्याची किंमत महिन्याच्या बिलातून थोडी थोडी घ्यावी. ग्राहकाचं बिल कमी होईल, कंपनीवरचा संध्याकाळचा भार हलका होईल. अशी योजना मुंबईसाठी आखली गेली, तिचं नाव 'बेल'. ती कागदावर उत्तम होती, पण अंमलात यायच्या आधीच अडली. त्याच धर्तीचं काम १९९० च्या दशकात मेक्सिकोत झालं. आपल्याकडं २०१५ मध्ये 'उजाला' योजनेत एल.ई.डी. दिव्याचे हप्ते बिलातून घेण्याची सोय आली. विचार आपल्या मुंबईसाठी मांडलेला आणि घराघरांत पोचायला वीस-पंचवीस वर्षं लागली. हे लक्षात ठेवा. मी पुढं पुन्हा या मुद्द्यावर येणार आहे.

दुसरं काम पाण्याचं. १९९२-९३ मध्ये बंगालकडं कॉलऱ्याची नवी साथ आली. हजारो माणसं गेली. कॉलरा पाण्यातून येतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पाणी उकळा, हेही आपण सांगतो. पण उकळायला सरपण कुठून आणायचं? गाडगिळांनी अतिनील किरणांचा दिवा घेतला. हे किरण जंतूंच्या पेशीतला जनुकांचा धागाच मोडतात, मग जंतू वाढू शकत नाही. ही युक्ती जुनी आहे. पण जुन्या यंत्रांत दिवा पाण्यात बुडवलेला असे. त्यावर थर चढे आणि तो सारखा पुसावा लागे. गाडगिळांनी दिवा पाण्याच्या वर टांगला. खालून पाणी उताराने वाहत जातं, ना दाब लागतो ना पंप. साठ वॅट वीज, म्हणजे जुन्या एका बल्बाएवढी, आणि मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी. हजारभर वस्तीच्या गावाला एक यंत्र पुरावं, असा हिशेब.

आमच्याकडं मोहरमच्या दिवसांत सबील लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत. उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोया लागतात. तहानलेल्याला पाणी देण्याइतकं मोठं पुण्य नाही, हे मौलवीही सांगतात आणि कीर्तनकारही. मला वाटतं, पाणपोईवरचं पाणी थंड आहे का, हे आपण बघतो. ते कसं आहे, हे बघण्याचं काम या शास्त्रज्ञांनी केलं. तीही एक सबीलच.

आता चुलीकडं येऊ. राजूरसारख्या कोळशाच्या गावात लाकडाच्या चुलीबरोबर कोळशाची शेगडी आली. शेगडी अंगणात पेटवायची, पिवळा धूर ओसरेपर्यंत बाहेर ठेवायची आणि मग उचलून आत न्यायची, ही आमच्या मोहल्ल्याची रोजची सकाळ होती. अम्मीला, खालांना, शेजारच्या वहिनींना खोकला असायचा. त्या खोकल्याला कोणी आजार म्हणत नसे. तो बाईच्या वयाचा भाग समजला जाई.

बर्कलेचेच कर्क स्मिथ नावाचे प्राध्यापक होते. १९८१ साली ते गुजरातच्या चार खेड्यांत आले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रं लावून त्यांनी त्या किती धूर ओढतात ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातल्या मोटारी, असंच समजलं जाई. स्मिथ यांनी दाखवलं, की सगळ्यात जास्त धूर जिथं माणूस ओढतो ती जागा स्वयंपाकघर आहे आणि तो माणूस बाई आहे, तिच्या कडेवरचं मूल आहे. तासाभराच्या चुलीचा धूर म्हणजे चारशे सिगारेटी एका खोलीत जाळण्यासारखं, अशी उपमा ते देत. पुढं ग्वाटेमालात त्यांच्या गटानं काही घरांना धुराडं असलेल्या चुली दिल्या, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या तान्ह्या मुलांवर लक्ष ठेवलं. धुराडं असलेल्या घरांत गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

स्मिथ यांची मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. तीस वर्षं सुधारित चुलींवर काम केल्यावर त्यांनी मत बदललं. गरिबाकडं जे आहे ते स्वच्छ करण्यात आपण आयुष्य घालवलं, आता जे स्वच्छ आहे ते गरिबाला मिळवून देऊ, असं ते म्हणू लागले. म्हणजे गॅस, वीज. भारतात २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा त्यांनी तिचं स्वागत केलं. सिलिंडर भरून आणायला पैसे नसतील तर बाई पुन्हा चुलीकडं वळते, हेही त्यांना ठाऊक होतं. २०२० साली ते वारले.

आणि जिथं गॅस पोचूच शकत नाही तिथं काय? सुदानमधल्या दार्फूरला यादवी पेटली आणि लाखो लोक छावण्यांत आले. बायका सरपणासाठी तासन्‌तास चालत जात आणि वाटेत त्यांच्यावर अत्याचार होत. २००५ साली गाडगीळ तिथं गेले. भारतातल्या 'तारा' नावाच्या चुलीचा नमुना त्यांनी घेतला, पण तो तसाच लादला नाही. दार्फूरच्या बायका पिठाचा घट्ट घाटा जोरजोरानं ढवळतात, तेव्हा चूल हलता कामा नये. त्यांची भांडी गोल बुडाची, तिथला वारा जोराचा. हे सगळं बघून चूल बदलली. पत्र्याचे तुकडे मुंबईत कापले गेले आणि तिथल्या माणसांनी ते अल फशीर गावात जोडले. तीन दगडांच्या चुलीच्या निम्म्याहून कमी लाकूड तिला लागतं. बर्कलेच्या प्राध्यापकानं घाटा ढवळणाऱ्या बाईचा हात बघितला, हे मला त्याच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं. पदव्या आणि पुरस्कारही आहेतच. २०२३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांना तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं.

श्रोतेहो, आता मी आपल्या जिल्ह्याकडं येतो, कारण इथंच माझ्या बोलण्याचं कारण आहे.

आमच्या राजूरहून पांढरकवड्याकडं, झरी-जामणीकडं गेलं की काही गावांत मुलांच्या दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे दिसतात. कविसंमेलनाच्या निमित्तानं मी त्या बाजूला जातो. शाळेतली मुलं ओठ मिटून हसतात. मुली तर हसताना तोंडावर हात घेतात. हे पानतंबाखूनं होत नाही. ते पाण्यातल्या फ्लोराइडनं होतं. फ्लोराइड कोणी पाण्यात टाकलेलं नाही, ते खडकातून येतं. विहिरी आटल्या, आपण खोल बोअर मारले आणि खोल खडकातलं पाणी वर आलं. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जास्त असेल तर आधी दात जातात आणि वर्षानुवर्षं प्यालं तर हाडं आणि सांधे ताठरतात. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर नागपूरच्या अभ्यासकांचा निबंध २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला आहे. म्हणजे ही गोष्ट गुपित नाही.

हे पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, उलट दाट होतं. अतिनील दिव्याचाही उपयोग नाही, कारण तो जंतू मारतो, क्षार काढत नाही. मग उपाय काय? उपाय आपल्या नागपुरात निघाला. नीरी या संस्थेनं १९७० च्या दशकात 'नलगोंडा पद्धत' शोधली. नाव तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्याचं, डोकं नागपूरचं. पाण्यात ठरावीक प्रमाणात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. ऐकलंत? चुना! ज्या गावाच्या भट्ट्यांमधून चुना ट्रक भरभरून बाहेर जातो, त्या गावापासून थोड्या अंतरावरची मुलं ओठ मिटून हसतात. पद्धतीत अडचणी आहेत. गाळ फार होतो, प्रमाण चुकलं तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम राहतं आणि रोज कुणीतरी निगुतीनं करावं लागतं.

बर्कलेला गाडगिळांच्या गटात कात्या चेरुकुमिल्ली या संशोधक विद्यार्थिनीनं याच प्रश्नावर काम केलं. अ‍ॅल्युमिनियमची महाग भुकटी वापरण्याऐवजी ज्यापासून अ‍ॅल्युमिनियम काढतात तो बॉक्साइटचा दगडच कुटून, तापवून वापरता येईल का, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी विशाखापट्टणमकडचा बॉक्साइट तिनं तपासला. दगड तापवला आणि पाणी किंचित आम्ल केलं, तर दगड खूपच कमी लागतो, असं दिसलं. जगातल्या फ्लोराइडच्या आजाराचा एक तृतीयांश भार भारतावर आहे, असं त्या निबंधात म्हटलं आहे. आपल्या मुलांच्या दातांचा हिशेब सातासमुद्रापार कोणीतरी मांडतं आहे. याचा आनंद मानावा की लाज वाटावी, हे मला ठरवता येत नाही.

पण एक सांगतो. नुसतं यंत्र आणून भागत नाही. पाणी शुद्ध करणारी यंत्रं मी गावोगावी बघितली आहेत. उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि नळ कोरडा. कुठं गाळणी बदलायला पैसे नाहीत, कुठं विजेचं बिल थकलं, कुठं ज्याच्या हातात किल्ली तोच कामाला दुसऱ्या गावी गेला. मघाशी मी 'बेल' योजनेचं सांगितलं ते यासाठी. चांगली कल्पना अडते ती बहुधा शास्त्रापाशी अडत नाही, ती चालवणाऱ्या माणसापाशी अडते. गाडगिळांनाही हे उमगलेलं दिसतं. बंगालमधल्या आर्सेनिकवर त्यांनी उपाय काढला. पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या ठेवून थोडी वीज सोडायची, त्यातून गंज तयार होतो आणि गंज आर्सेनिकला धरून खाली बसतो. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाची त्यांना सोबत होती. कोलकात्याच्या दक्षिणेला धपधपी गावच्या शाळेत हा प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला. रोज दहा हजार लिटर पाण्याची त्याची क्षमता. तो शाळेत ठेवला, स्थानिक माणसांना शिकवून चालवायला दिला. शास्त्रज्ञ विमानानं परत गेला, तरी पाणी थांबू नये म्हणून.

आपल्याकडंही मोठी सार्वजनिक विद्यापीठं आहेत. आपला यवतमाळ जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. ज्यांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली, त्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे. पर्यावरण विज्ञानाला याहून चांगलं नाव कुठं मिळणार? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा होत गेला आणि पुढं पदवीच्या मुलामुलींनाही तो आला. कला शाखेची मुलंसुद्धा प्रकल्पवही लिहितात. मी अशा कितीतरी वह्या चाळल्या आहेत. त्यांत अ‍ॅमेझॉनचं जंगल असतं, ध्रुवावरचं अस्वल असतं. स्वतःच्या गल्लीतली हापशी नसते.

मला वाटतं, सार्वजनिक विद्यापीठ हे सरकारी पैशावर चालतं म्हणून सार्वजनिक नसतं. ते कुणाचं पाणी मोजतं, कुणाचा धूर मोजतं, यावर ते ठरतं. बर्कलेच्या लोकांनी गुजरातच्या बाईचा धूर मोजला म्हणून ते मोठे. मग मारेगावच्या, झरीच्या, राजूरच्या महाविद्यालयातल्या मुलीनं आपल्या गावच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं, तर ती काही लहान नाही. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यात आहेत. फ्लोराइड दाखवणारे साधे संचही मिळतात. एक वर्ष एका महाविद्यालयाच्या सगळ्या मुलांनी आपापल्या गावाचं पाणी तपासलं, तर वर्षाअखेरीस तालुक्याचा नकाशा तयार होईल. कोणत्या हापशीचं पाणी प्यायचं आणि कोणतं फक्त धुण्याभांड्याला घ्यायचं, हे त्यावर दिसेल. पुष्कळदा शेजारच्याच विहिरीचं पाणी चांगलं असतं आणि एवढं कळलं तरी लेकरांचे दात वाचतात. त्याला ना बॉक्साइट लागतं ना कॅलिफोर्निया.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सोमवारी ग्रामपंचायतीत गेलात, तर एवढंच विचारा, आपल्या गावच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे आणि ते शेवटचं कधी तपासलं? आकडा मिळाला तर तो शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. चुना आमच्याकडून घेऊन जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)